झाकण वाजलं की

पहिल्यांदा पातेलं करपलं तेव्हा मी ते हिच्या नकळत घासून ठेवलं. दुसऱ्यांदा करपलं तेव्हा हिने ते माझ्या नकळत घासलं. तिसऱ्या वेळी आमची मुलगी घरात होती, त्यामुळे घासायला कुणालाच सवड मिळाली नाही.

ही म्हणजे माझी बायको. मुलगी बस डेपोत वेळापत्रकं लावते. कुठली बस किती वाजता सुटणार, कुठल्या चालकाला जेवायला किती मिनिटं मिळणार, हे ती ठरवते. त्यामुळे कुठली गोष्ट कुठवर चालू द्यायची याबद्दल तिची मतं पक्की असतात. तिने काळं ठिक्कर पडलेलं पातेलं खिडकीत ठेवलं, धूर बाहेर जाऊ दिला, आईला खुर्चीवर बसवून पाण्याचा पेला हातात दिला आणि मला बाहेरच्या खोलीत बोलावलं.

"बाबा, कितवी वेळ?"

"पहिलीच."

"बाबा."

"तिसरी," मी म्हणालो. अडतीस वर्षं मी वर्गात मुलांची खोटी कारणं ऐकली, पण स्वतःला एक धड सांगता येत नाही.

"डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतंय ना?"

डॉक्टर दोन गोष्टी म्हणाले होते. हिचं विसरणं वयाच्या मानाने जास्त आहे आणि ते वाढत जाणार, ही एक. रोजची कामं हिच्या हातून काढून घेऊ नका, ही दुसरी. मी दुसरी सांगितली. मुलीला पहिली पाठ होती.

"अजून एकदा असं झालं की या घरातला गॅस बंद," ती म्हणाली. "दोन वेळचा डबा लावून देते. माझी पोरगी रोज शाळा सुटल्यावर इथे येते, बाबा. मला डेपोत बसल्या बसल्या धूर दिसतो."

तिचं चुकत नव्हतं. तेच तर अवघड होतं.

ही आयुष्यभर शिवणकाम करत आली. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी हिचं मशीन, आत शेगडीवर भात, आणि मधल्या दारातून हिच्या येरझाऱ्या. दोन वर्षांपूर्वी सुईत दोरा ओवणं जमेना. मी ओवून द्यायचो, तर शिवायचं काय ते विसरायची. एक दिवस हिनेच मशीनवर चादर टाकली आणि त्यावर कुंडी ठेवली. पुन्हा कधी त्याचं नावही काढलं नाही. आता राहिला होता तो स्वयंपाक. सकाळी उठून काय करायचं हे हिला अजून त्या ओट्याकडे बघून कळायचं. तो ओटा काढून घेतला तर ही कुठे उभी राहील, हे मला दिसत नव्हतं.

मी चौथीला गणित आणि विज्ञान शिकवायचो. अडचण आली की आधी ती नीट मांडायची, असं मुलांना सांगायचो. तशी ही मी कागदावर मांडली. हिचं विसरणं मला थांबवता येत नाही. ही दहा मिनिटं विसरली तर काही होत नाही, अर्धा तास विसरली तर पातेलं करपतं. म्हणजे असं भांडं हवं, जे अर्धा तास विसरलं तरी चालेल. जाड, भक्कम, टिकाऊ. मांडणी इतकी सरळ होती की मला माझंच कौतुक वाटलं.

आमचं जुनं पातेलं तसं नव्हतंच. अॅल्युमिनियमचं, पातळ, एका बाजूला चेपलेलं. त्याचं झाकण तर पातेल्याहूनही गरीब. त्याची मूठ एका स्क्रूवर उभी होती आणि तो स्क्रू सदा सैल. उकळी आली की झाकण तडतडायचं, मूठ खुळखुळायची आणि बाहेर वह्या तपासत बसलेल्या माझी बेरीज चुकायची. एकदा वैतागून मी तो स्क्रू आवळला. दोन दिवसांनी बघतो तर पुन्हा सैल. पुन्हा आवळला, पुन्हा सैल. आटे झिजले असतील म्हणून शेवटी मी नाद सोडला. ही पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट.

एका मंगळवारी ही खालच्या मजल्यावर शेजारणीकडे गेली असताना मी ते पातेलं झाकणासकट पिशवीत घातलं आणि भांड्यांच्या दुकानात गेलो.

दुकानाची मालकीण माझी विद्यार्थिनी. शाळेत सगळे तिला ठणठण म्हणायचे, कारण तास चालू असताना ती पट्टीने बाक वाजवायची. आता तिचे केस पांढरे झालेत, पण सवय तीच. गिऱ्हाइकाला भांडं दाखवताना आधी त्याला बोटाच्या पेराने ठोकते.

"सर! बसा. काय देऊ?"

"टिकाऊ पातेलं."

"टिकाऊ म्हणजे कसं टिकाऊ? पडलं तर चेपू नये असं? कान निखळू नयेत असं? की करपलं तरी घासून निघावं असं?" तिने एक पातेलं उलटं करून माझ्यासमोर धरलं. "बूड बघा आधी. पट्टी आडवी ठेवायची, खालून उजेड दिसला तर भांडं शेगडीवर डुगडुगणार. मग कान. आतून रिव्हेट मारलेत का नुसते चिकटवलेत? चिकटवलेले गरम-गार होऊन सुटतात. आणि उचलून बघा. आत्ता रिकामं आहे, भरलेलं उचलायचंय हे ध्यानात ठेवा."

"चौथीत एवढं लक्ष दिलं असतंस तर."

"चौथीत तुम्ही भांडी कुठे शिकवत होतात?" ती म्हणाली. मग गंभीर झाली. "काकूंना आणायचं होतं ना सर. ज्याने ढवळायचं त्याने निवडावं."

"तिला अचानक दाखवायचंय," मी म्हणालो. हे दुसरं खोटं. ते मात्र पचलं.

दुकानाच्या मागच्या बाजूला गिऱ्हाइकांना तवे तापवून दाखवायला एक शेगडी होती. मी तिला माझा प्रयोग सांगितला. जुन्या सवयीने तिने "हो सर" म्हटलं. तीन पेले पाणी, तीच आच, तेच घड्याळ. जुन्या पातेल्यातलं पाणी चोवीस मिनिटांत आटलं. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्याला छत्तीस मिनिटं लागली, कारण त्याचं झाकण काचेचं, कडेला घट्ट बसणारं. आणि बिडाचं एक खोल भांडं होतं, त्याचं झाकणच किलोभराचं. पंचेचाळीस मिनिटांनंतरही त्यात बोटभर पाणी शिल्लक होतं. सगळं मी वहीत रकाने आखून लिहिलं.

जुनं पातेलं उकळत होतं तेव्हा ठणठण कानावर हात ठेवून हसली होती. "सर, हे झाकण माझं दुकान डोक्यावर घेतंय. रस्त्यावरचे लोक बघायला लागले."

ते मी लिहिलं नाही. वहीत आवाजाला रकाना नव्हता.

"बिडाचं घ्या," ती म्हणाली, "नातवंडांची नातवंडं वापरतील. पण जड आहे हं. आणि तापायला वेळ घेतं तसा निवायलाही घेतं, हे काकूंना सांगा."

मी बिडाचंही घेतलं आणि स्टीलचंही. जुनं पातेलं तिथेच मोडीत टाकलं. झाकण तेवढं परत आणलं, कारण आमच्या पिठाच्या डब्याचं झाकण महिनाभर सापडत नव्हतं.

हिने नवी भांडी ओट्यावर बघितली.

"कुणाची ही?"

"आपली."

"माझं कुठाय?"

"मोडीत दिलं. करपून करपून बूड गेलं होतं त्याचं."

हिने नव्या भांड्यावरून हात फिरवला, काचेचं झाकण उचललं, ठेवलं, परत उचललं. मग जुनं झाकण पिठाच्या डब्यावर ठेवून दिलं.

पहिला आठवडा माझ्या गणिताप्रमाणे गेला. काही करपलं नाही. मी खूश होतो. फक्त एक गोष्ट खटकत होती. ही पूर्वी भात ठेवून बाहेर यायची, खुर्चीत बसायची, माझ्याशी चार शब्द बोलायची. आता ती ओट्यापाशीच उभी. दर मिनिटाला झाकण उचलायची, आत बघायची, ठेवायची. भात अर्धा कच्चा राहायला लागला. बस म्हटलं तर बसायची आणि दोन मिनिटांत दचकून उठायची. दुसऱ्या आठवड्यात तिचे पाय सुजले. मग थकून ती बाहेर येऊन बसायला लागली आणि बसली की आतलं सगळं पुसलं जायचं. दोनदा मीच वास आल्यावर धावलो. मला वाटलं, डॉक्टर म्हणाले तेच हे. आजार वाढतोय.

बुधवारी नात शाळेतून आली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. नऊ वर्षांची आहे, एका जागी ठरत नाही. ठरते ती फक्त आजीच्या ओट्यापाशी, स्टुलावर. त्या दिवशी दोघी बटाटे उकडत होत्या. बिडाच्या भांड्यात. पाणी आटून गेलं होतं, पण तळाचे दोन बटाटे लागण्यापलीकडे काही झालं नव्हतं. हिने गॅस बंद केला, चिमट्याने बटाटे काढले आणि रिकामं भांडं बाजूला ठेवलं. दोघी सोलायला बसल्या. मी बाहेर वर्तमानपत्र वाचत होतो.

"चार झाले आजी."

"मग ते भांडं मोरीत नेऊन ठेव."

आणि मग भिंगरीची किंकाळी.

उजवा तळवा आणि चार बोटं. मी तिचा हात नळाखाली धरला आणि दुसऱ्या हाताने तिच्या आईला फोन लावला. ही मधल्या दारात उभी होती. हातात सोललेला बटाटा. "गार होतं ते," ती म्हणत होती. "चार सोलले होते. चार सोलले की गार होतं."

दवाखान्यातून परत आल्यावर मुलगी खुर्चीवर बसली नाही.

"रविवारी मी गॅसवाल्याला घेऊन येते, बाबा. डब्याचं मी बोलून आले."

"आई, आजीची चूक नाहीये," भिंगरी म्हणाली. हाताला पांढरं बँडेज, डोळे सुजलेले, पण वकिली चालू. "आजीने मला आधीच शिकवलंय. चार बटाटे सोलले की पातेलं गार होतं. मी स्वतः मोजलेत. नेहमी होतं."

"मग आज कसं नाही झालं?"

भिंगरी बँडेजकडे बघायला लागली. उत्तर मला आलं.

चार बटाटे सोलायला हिला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटांत ते पातळ अॅल्युमिनियमचं पातेलं खरोखर गार व्हायचं. बिडाचं होत नाही. ठणठणने मला सांगितलं होतं. काकूंना सांगा, म्हणाली होती. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तरी ही विसरेल असं मी धरून चाललो होतो. आणि जे ही विसरली नव्हती, जे हिच्या हातात चाळीस वर्षं मुरलं होतं, ते मी त्या पिशवीत घालून मोडीत टाकून आलो होतो.

मुलगी निघाली. दारातून वळून म्हणाली, "मला वाईटपणा घ्यायला लावू नका, बाबा."

त्या संध्याकाळी आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलो. जेवायला भिजवलेले पोहे खाल्ले असते तरी चाललं असतं, पण तेही कुणी भिजवले नाहीत. मग ही म्हणाली, "भांडी चांगली आहेत तुमची."

"हं."

"पण मुकी आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? आत काय चाललंय ते सांगतच नाहीत. झाकण उचलून उचलून माझा हात मोडला."

मी उठलो. स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्यावरचं झाकण काढून आणलं. ते तिच्या मांडीवर ठेवलं आणि मुठीचा स्क्रू दाखवला.

"हा स्क्रू मी एकदा आवळला होता."

"एकदा? तीनदा," ही म्हणाली.

"तो परत सैल व्हायचा."

"व्हायचा कसा? मी करायचे. कात्रीच्या टोकाने. अर्धा आटा सैल." तिने मुठीला टिचकी मारली. ती खुळखुळली. "मशीन चालू असलं की मला दुसरं काही ऐकू यायचं नाही. एवढं एकच मशीनच्या वर यायचं. झाकण वाजलं की उठायचं, आच कमी करायची, परत येऊन बसायचं. आख्खे ब्लाउज शिवलेत मी त्यावर."

"मग तेव्हा मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आलात, आवळलात, हात झटकून वह्यांवर बसलात."

वर्गात एखादं मूल दिलेलं गणित सोडून शेजारच्या पानावरचं अगदी बरोबर सोडवून आणतं. पायऱ्या बरोबर, उत्तर बरोबर, अक्षर सुरेख. अशा मुलाला काय म्हणावं हे मला कधीच सुचलं नाही. त्या संध्याकाळीही सुचलं नाही.

ही विसरत होती, ते खरं होतं. पहिल्या तीन वेळा पातेलं करपलं तेव्हा झाकण वाजत होतं आणि तरीही ही उठली नव्हती, तेही खरं. पण त्या तीन वेळा चार महिन्यांतल्या होत्या. बाकी रोज, दोन्ही वेळा, ती त्या आवाजावर उठत आली होती. मी फक्त चुकलेल्या वेळा मोजल्या होत्या.

शनिवारी सकाळी मी म्हणालो, "चल, पातेलं आणू."

हिने साडी बदलली, झाकण काखेत धरलं आणि जिना उतरली.

ठणठणला मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. भिंगरीच्या हाताचं ऐकून तिने तोंडावर हात ठेवला. मग मोडीचं पोतं उपसलं, पण आमचं पातेलं आठवड्यापूर्वीच भट्टीला गेलं होतं.

"काकू, तुम्ही बघा. जे दिसतंय ते काढा."

ही दुकानभर हिंडली. वरच्या फळ्यांकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. खाली बसली. तिथे स्वस्तातली पातेली एकात एक घालून ठेवलेली होती. एकेक काढायची, झाकण ठेवायची, बोटाने हलवायची, नाक मुरडायची. एकाचा काठ झाकणाला घट्ट बसला, ते गेलं. एकात झाकण आत पडलं, तेही गेलं. सहावं की सातवं होतं. पातळ, हलकं, काठ जरा वाकडा. तिने ते ठणठणकडे दिलं.

"पाणी ठेव गं यात."

मागच्या शेगडीवर पाणी ठेवलं. आम्ही तिघं उभे राहिलो. गिऱ्हाईक आलं तर ठणठणने त्याला हातानेच थांबवलं. थोड्या वेळाने झाकणाची कडा उचलली, पडली, उचलली आणि मग ते जे सुरू झालं! ही डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "जरा लवकर बोलतंय. पण चालेल." आणि कुणी न सांगता हात पुढे करून तिने आच कमी केली.

"काकू, खोटं नाही बोलणार," ठणठण म्हणाली. "हे टिकणार नाही. पत्रा पातळ आहे. दोन वर्षं, फार तर तीन."

ही हसली. "दोन-तीन वर्षं पुष्कळ झाली मला."

ठणठणने माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या एका तव्याकडे बघत राहिलो.

रविवारी मुलगी आली. गॅसवाला दुपारी यायचा होता. तिच्या हातात डब्याचा नमुना होता, तीन पुडांचा, आणि भिंगरी मागे. बँडेज लहान झालं होतं.

"एक भात होऊ दे," मी म्हणालो. "मग तू म्हणशील तसं."

"बाबा, एका भाताने काय सिद्ध होणार?"

"काही नाही. तरी होऊ दे."

हिने तांदूळ धुतले, पातेलं शेगडीवर चढवलं, जुनं झाकण ठेवलं आणि बाहेर जाऊन वाटाणे सोलायला बसली. भिंगरी तिच्याजवळ, एका हाताने शेंगा मोडत. मी आणि मुलगी ओट्यापाशी उभे. मुलगी घड्याळाकडे बघत होती, मी झाकणाकडे.

ते वाजायला लागलं.

बाहेरून आवाज नाही. भिंगरीचं काहीतरी बोलणं तेवढं ऐकू आलं, मग तेही थांबलं. बहुतेक तिलाही कळलं होतं आणि ती बिचारी तोंड दाबून बसली होती. झाकणाखालून फेस आला. मुलीचा हात बटणाकडे गेला.

"थांब," मी तिचं मनगट धरलं.

"उतू जाईल."

"जाऊ दे. थांब."

मूल फळ्यापाशी खडू घेऊन उभं असतं आणि आख्खा वर्ग उत्तर फुसफुसत असतो. तेव्हा शिक्षकाने एवढंच करायचं असतं, वर्गाला गप्प करायचं आणि थांबायचं. त्याहून अवघड काम मला नोकरीत दुसरं नव्हतं. मी मनात आकडे मोजायला लागलो. फेस झाकणाबाहेर आला, पातेल्यावरून ओघळला, ज्योत चरचरली. नऊ. दहा. अकरा.

खुर्ची सरकली.

ही आत आली. आमच्याकडे बघितलंही नाही. आच कमी केली, झाकण फडक्याने धरून जरा तिरकं ठेवलं, ओघळ पुसला. मग वळली.

"तुम्ही दोघं इथे काय गर्दी करून उभे आहात? जरा सरका की."

ती गेल्यावर मुलगी भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज डेपोतलाच होता.

"आणि ज्या दिवशी ती येणार नाही, त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी येईन. मलाही ऐकू येतं ते. आजवर नुसता त्रास करून घेतला त्याचा."

"तुम्ही घरात नसलात तर?"

"गॅस पेटलेला असताना मी घरात असेन."

"दुकानात, वाचनालयात, कुठेही नाही?"

"कुठेही नाही."

तिने पिशवीतून कागद काढला, रेघा ओढल्या आणि ओट्यावर ठेवून वेळापत्रक लिहिलं. सकाळी इतके ते इतके, संध्याकाळी इतके ते इतके. समोर माझं नाव, खाली सहीला जागा. भिंगरीने हात बरा होईपर्यंत शेगडीपासून चार पावलं लांब. बिडाचं भांडं डेपोच्या खानावळीला. मी सही केली. मग ती जिन्यात जाऊन गॅसवाल्याशी फोनवर बोलली. त्याला तिने कायमचं नको म्हटलं नाही. पुढे बघू म्हणाली.

याला आता आठ महिने झाले. कागद ओट्यावरच्या भिंतीवर आहे, कडा तेलकट झाल्यात. भिंगरी चारऐवजी दोनच पावलं लांब असते.

सुरुवातीला मी मोजायचो, ही किती वेळा उठली आणि मी किती वेळा. वहीत दोन रकाने आखले होते. तिसऱ्या महिन्यात मी वही ठेवून दिली. रकान्यांचं काय होत चाललंय हे मला वही न उघडताही कळतं.

काल दुपारी झाकण वाजायला लागलं तेव्हा ही खिडकीपाशी बसली होती. तिने मान वर केली. दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत दाराकडे. हात खुर्चीच्या दांड्यावर टेकले, पण उठली नाही. मी अकरापर्यंत मोजलं. मग वीसपर्यंत. मग उठलो, आत गेलो, आच कमी केली, झाकण तिरकं केलं आणि परत येऊन बसलो.

"अहो," ती म्हणाली, "काहीतरी वाजत होतं."

"हो. भात होता. आच कमी केली."

"पार बंद नाही ना केलीत?"

"नाही."

"करू नका. अजून पाच मिनिटं लागतील त्याला."

मी पाच मिनिटं थांबलो. मग आत जाऊन झाकण उघडलं. भात झाला होता.